रवळूआप्पांच्या घरातला उमेदवार

रवळू गुंजीकर या माणसाच्या शेजारी मी एकोणीस वर्षं बसलो. बेळगावात कचेरीच्या कंपाउंडला लागून माझं झेरॉक्सचं दुकान आहे, आणि दुकानाच्या फळीला टेकून त्यांचं घडीचं टेबल. वडगावात आमच्या घरी चार माग होते. ते मोडीत काढून मी झेरॉक्सचं मशीन आणलं, त्या दिवशी आप्पांनी चष्म्यावरनं एकदा मशीनकडं, एकदा माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "अमृत, कालपतोर साडी विणत हुतास. आता दुसऱ्यानं लिवलेलं उतरून काढणार. बरं हाय. देशात सगळे त्येच करालेत."

एवढ्यावरनं माणूस कळला.

आप्पा अर्ज लिहायचे. सातबाऱ्यावर वारसाचं नाव चढवायचं असो, रेशनकार्डावरचं मेलेलं माणूस काढायचं असो, शेजाऱ्यानं बांध कोरला असो, लोक त्यांच्यापुढं येऊन बसत. बोलायचं मराठीत, कागद व्हायचा कन्नडात. त्यांचा जन्म जांबोटीच्या वरच्या अंगाला, रानात. शाळा सातवीपर्यंत, तीही मराठी. पुढं खडेबाजारात एका वकिलाकडं कारकुनी करताना ते कन्नड शिकले आणि इतकं नेटकं शिकले, की कचेरीतली धारवाडकडची माणसंसुद्धा अवघड शब्द अडला की खिडकीतनं त्यांना विचारायची. विचारलेलं सांगायचे, पण सांगताना तोंड असं करायचे, की विचारणारा पुन्हा आठवडाभर विचारत नसे.

अर्जाचे त्यांचे नियम होते. अर्ज एका पानाचा. त्यात रडायचं नाही. 'मी अत्यंत गरीब असून' असं कुणी सांगायला लागलं, की ते पेन खाली ठेवत. म्हणत, गरिबी तुझ्या अंगावर दिसती आहे, ती लिहून कशाला जागा अडवायची? 'मायबाप सरकार' हा शब्द तर त्यांनी जन्मात लिहिला नाही. सरकार आपलं देणं लागत असेल तेवढं मागायचं, लागत नसेल तर घरी जायचं, हे त्यांचं सगळं राजकारण. पहाटे पाचला उठायचं, उधार-उसनं करायचं नाही, बापाच्या जमिनीवर पीक घ्यायचं, इमारत नाही, आणि वाचल्याशिवाय सही करायची नाही. या चार-पाच गोष्टींपलीकडं माणसानं काही नवीन शोधलंय, यावर त्यांचा विश्वास नव्हता.

पुढाऱ्यांबद्दल त्यांना जो तिटकारा होता, तो कुठल्या एका बाजूचा नव्हता. एका सोमवारची गोष्ट मी डोळ्यांनी बघितली आहे. सकाळी दहाला भगवे गमछे घातलेली दहा-बारा माणसं आली. आम्हाला सरकारी कागद मराठीत मिळाले पाहिजेत, असं निवेदन द्यायचं होतं. मराठीत लिहिलेलं निवेदन आत घेतील का, याची त्यांनाच खात्री नव्हती, म्हणून ते आप्पांकडनं कन्नडात लिहून घ्यायला आले होते. आप्पांनी लिहून दिलं. अकरा वाजता लाल-पिवळे गमछे घातलेले दुसरे आले. गावातल्या मराठी पाट्या उतरवा, असं त्यांचं निवेदन होतं, आणि ते त्यांनी स्वतःच कन्नडात लिहून आणलं होतं. त्यात सात चुका होत्या. आप्पांनी लाल पेनानं सातही दुरुस्त करून दिल्या. दुपारी चहा पिताना मी विचारलं, आप्पा, तुम्ही नेमके कुणाच्या बाजूचे? ते म्हणाले, दोघांनाही राज्य पाहिजे आहे, व्याकरण कुणालाच नको. मी व्याकरणाच्या बाजूचा.

बायकांना बसचा प्रवास फुकट झाला, तेव्हा त्यांच्या बायकोनं, जयाबाईंनी, पहिल्याच आठवड्यात निपाणीला बहिणीकडं दोन फेऱ्या मारल्या. दोनदा कशाला, असं आप्पांनी विचारलं तर म्हणाल्या, पहिल्यांदा भेटायला आणि दुसऱ्यांदा राहिलेलं बोलायला. आप्पा बरोबर असताना एकदा त्यांनी बायकोचं तिकीट पैसे देऊन काढायचा हट्ट धरला. कंडक्टर म्हणाला, मशीनमध्ये तशी सोयच नाही, आणि त्यानं शून्य छापलेलं तिकीट हातात दिलं. आप्पांनी ते घडी घालून खिशात ठेवलं. मला दाखवून म्हणाले, सरकारनं स्वतःची किंमत स्वतः छापलेली मी पहिल्यांदा बघितली.

हे सगळं ऐकायला गंमत वाटते. पण असल्या माणसाच्या घरात राहणं ही गंमत नसते, आणि ते त्यांच्या मुलाला विचारावं.

रविराज हा एकुलता एक. बी.कॉम. झालेला, उद्यमबागेत एका कारखान्यात लेथवर चांगला बसलेला. हात बरा होता, मालकाचा जीव होता. नीलमसारखी शहाणी बायको मिळाली. ती टिळकवाडीत एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायची आणि घर चालवायची. जांबोटी रोडवर कुसळेवाडी म्हणून त्यांचं गाव. आप्पा रोज तिथनंच बसनं ये-जा करत. बत्तीस-तेहतीस वर्षांपर्यंत रविराज नीट होता. मग त्याला समाजसेवेची लागण झाली.

सुरुवात गणपतीच्या मंडळापासून झाली. मग पांढरे कपडे आले. मग कारखान्यात आठवड्यातनं दोन खाडे पडायला लागले, कारण कुणाच्या तरी बारशाला, कुणाच्या तरी मयताला 'जावं लागतं'. आप्पा म्हणायचे, आपल्या घरात कुणी आजारी पडलं तर हा रजा काढत नाही, आणि ज्याच्या मयताला जातो त्याचं नाव ह्याला तिरडी उचलताना कळतं. शेवटी त्यानं नोकरी सोडली. मालकानं निरोप पाठवला, की कधीही ये, मशीन तुझंच आहे. रविराजनं तो निरोप चार लोकांत सांगून दाखवला, जणू त्यानं मोठा त्याग केला होता.

आणि वाढदिवसाला फ्लेक्स लागला.

कुसळेवाडीच्या बसथांब्याला एक छोटी शेड आहे. तिच्या तोंडावर, या खांबापासून त्या खांबापर्यंत, बारा फुटांचा फ्लेक्स बांधला. मधोमध रविराज, डोळ्यांना काळा चष्मा, कानाला फोन. 'युवकांचे आशास्थान, भावी सदस्य.' खाली गोल-गोल चौकटींत शुभेच्छा देणारी बावीस डोकी. त्यातलं एक डोकं आप्पांचं होतं. आधार कार्डावरचा फोटो, न विचारता उचललेला.

आप्पांनी तो सकाळी सातला, बसची वाट बघताना बघितला. मुलाचा राग येऊन ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तो अर्ज वाचावा तसा वरपासून खालपर्यंत वाचला. 'आशास्थान'मधला श चुकलेला, 'शुभेच्छुक'मधला च्छ चुकलेला. मग बरोबरच्या लोकांना म्हणाले, भावी म्हणजे जे अजून झालेलं नाही ते. आणि हा फोन कुणाला लागलाय? फोटो काढतानासुद्धा पोरगं खोटं बोलायला लागलं.

तेवढ्यावर भागलं असतं. पण फ्लेक्समुळं शेडमध्ये बसलेल्याला रस्ता दिसेना आणि रस्त्यावरनं येणाऱ्या ड्रायव्हरला शेडमधली माणसं दिसेनात. तिसऱ्या दिवशी राजाबाई म्हणून शेजारची म्हातारी, डोळ्याचं ऑपरेशन झालेली, पट्टी बदलायला बेळगावला निघाली होती. ती आत बसून राहिली आणि बस समोरनं न थांबता गेली. पुढची बस अडीच तासांनी. म्हातारी तशीच बसली, एका डोळ्यानं युवकांच्या आशास्थानाची मागची पांढरी बाजू बघत.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी माझ्या शेजारी बसून अर्ज लिहिला. ग्रामपंचायतीच्या पीडीओंना, म्हणजे विकास अधिकाऱ्यांना. विषय, बसथांब्यावरील विनापरवाना फलक काढणेबाबत. एक पान. कलम, तारीख, वाहनाची वेळ, म्हातारीचं नाव. खाली आपली सही, पूर्ण नाव आणि घर नंबर. मी झेरॉक्स काढताना म्हटलं, आप्पा, घरात सांगितलं असतं तर रविराजनंच काढला असता. ते म्हणाले, घरात सांगायची गोष्ट घरात लागलेली नाही.

पीडीओ कुठलाही अर्ज दीड महिना झोपवायला तयार असतो, पण हा झोपवता येण्यासारखा नव्हता. पोच घेतलेली, कलम टाकलेलं आणि वरच्या कचेरीला प्रत. गुरुवारी पंचायतीचा माणूस शिडी घेऊन आला आणि फ्लेक्स उतरवून गेला. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं, की बापानं मुलाचा फ्लेक्स काढायला लावला. रविराजचे मित्र दोन दिवस त्याच्याभोवती असे बसले, जसं काही घरात मयत झालंय.

रविराजनं बापाशी बोलणं टाकलं. एका घरात, एका चुलीवरचं जेवायचं, पण एक जण उठल्यावर दुसरा ताटावर बसायचा. निरोप जयाबाईंकरवी. 'त्यांना सांग, वीजबिल आलंय.' 'त्याला सांग, मला वाचता येतंय.' जयाबाई मला एकदा म्हणाल्या, की दोघं मिळून मला पोस्टमन करून टाकलंय, फक्त पगार नाही.

असे चार महिने गेले. मग त्यांच्या वॉर्डातला पंचायतीचा एक सदस्य वारला आणि पोटनिवडणूक लागली.

जागा एक आणि इच्छुक नऊ. अंत्ययात्रेतच तिघांनी अर्धं बोलणं उरकून घेतलं होतं, असं आप्पा सांगत. सरणावर लाकडं रचेपर्यंतसुद्धा धीर नव्हता, म्हणायचे, आणि ह्यांना पाच वर्षांचं नियोजन करायचंय. नवातले पाच कुणी समजावून, कुणी दुसऱ्या मार्गानं बसवले. चार राहिले, त्यात रविराज.

अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता. वेळ दुपारी तीनपर्यंत. सकाळी साडेनऊला आप्पा नुकतेच टेबल मांडून बसले होते, तेवढ्यात नीलम आली. ती लग्न होऊन आल्यापासून कधी या टेबलापाशी आली नव्हती. दवाखान्याच्या निळ्या साडीत, खांद्याला पर्स, हातात प्लास्टिकची फाईल. उभीच राहिली. म्हणाली, "मामा, एकदा हा फारम बघा."

आप्पांनी फाईलकडं बघितलं नाही. विचारलं, "त्यानं पाठवलाय?"

"न्हाय. त्यास्नी म्हाईत न्हाय. कॉम्प्युटरवाल्याकडनं भरून आणलाय, रात्री कपाटात ठेवलावता. दुपारी जाऊन देणार हाईत."

"मग देऊंदे की."

नीलम तिथनं हलली नाही. आप्पांपुढं एक गिऱ्हाईक बसलं होतं, त्याचा बोअरवेलच्या वीजजोडणीचा अर्ज त्यांनी पुरा केला. दुसरा आला, त्याचा केला. फाईल टेबलाच्या कोपऱ्यावर तशीच. मी नीलमला स्टूल दिलं, ती बसली. तिला दहाला दवाखान्यात पोचायचं होतं. दहा वाजून गेले. तिसऱ्या गिऱ्हाइकाला आप्पांनी थांब म्हणून सांगितलं आणि फाईल उघडली.

त्यांना कागद वाचताना मी हजार वेळा बघितलंय. डावीकडनं उजवीकडं बोट सरकतं, आणि चूक असते तिथं ते बोट थांबतं. त्या दिवशी बोट दुसऱ्या पानावर थांबलं आणि बराच वेळ उचललं नाही. उमेदवाराचं नाव सुचवणारा जो सूचक असतो, त्याच्या जागी समर्थ म्हणून रविराजचा जिगरी दोस्त होता, सावलीसारखा मागं फिरणारा. आणि समर्थचं नाव मतदार यादीत पलीकडच्या वॉर्डात होतं. सूचक त्याच वॉर्डातला लागतो. उद्याच्या छाननीत हा अर्ज पहिल्या दोन मिनिटांत उडाला असता.

आप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

त्यांच्या मनात काय चाललं असेल हे सांगायला मी काही अंतर्ज्ञानी नाही. पण हिशोब साधा होता, मलासुद्धा कळत होता. फाईल बंद करून 'बरोबर हाय' एवढं म्हटलं असतं, की खेळ संपत होता. एका दिवसात राजकारण आटोपून पोरगं घरी, आणि कारखान्यातलं मशीन अजून रिकामं होतं. खोटंसुद्धा बोलायची गरज नव्हती. नुसतं 'मला वेळ न्हाय' म्हटलं असतं तरी चाललं असतं. खरं सांगतो, मी त्यांच्या जागी असतो तर तेच केलं असतं, आणि वर देवाला नारळ फोडला असता.

आप्पा मला म्हणाले, "अमृत, पलीकडच्या दुकानात ह्या फारमाचा कोरा कागद असतोय. दोन आण."

मी दोन आणले. त्यांनी सगळा अर्ज नव्यानं, हातानं, त्यांच्या त्या घडीव कन्नड अक्षरात भरला. कॉम्प्युटरवाल्यानं वडिलांच्या नावात केलेली चूक दुरुस्त केली, मतदार यादीतला अनुक्रमांक आपल्या पिशवीतल्या यादीवरनं ताडून बघितला. यादी त्यांच्या पिशवीत का होती, ते मी विचारलं नाही. आणि सूचकाच्या चौकटीपाशी आल्यावर पेन थांबलं. त्या वॉर्डातला मतदार पाहिजे, तो आत्ता, इथं पाहिजे. नीलम स्वतः अजून माहेरच्या, खानापूरच्या यादीत होती. मी वडगावचा.

आप्पांनी तिथं लिहिलं, रवळू मारुती गुंजीकर. सही केली. शाई वाळेपर्यंत कागद धरून ठेवला.

नीलमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते बघून आप्पा वैतागले. म्हणाले, "रडू नगं, कागदावर पडंल. त्याला मी मत देणार न्हाय, हे पन सांग. पन कागद बरोबर गेला पायजे. माणूस चूक हाय का न्हाय, ते लोकं बघतील. फारम चुकला म्हणून त्यो घरी बसला, तर जन्मभर म्हणत फिरंल, मी निवडून आलो असतो."

नीलम रिक्षा करून पंचायतीकडं गेली. पुढचं तिनंच सांगितलेलं. रविराज मित्रांच्या घोळक्यात, कपाळाला टिळा लावून उभा होता. तिनं बाजूला घेऊन कागद दिला आणि समर्थच्या वॉर्डाचं सांगितलं. त्याला आधी राग आला, मग त्यानं दुसरं पान उलटलं. सूचकाची सही बघून त्यानं तिच्याकडं पेन मागितलं. मित्र विचारत होते, काय झालं, काय झालं. त्यानं खांबाला टेकून सही केली आणि अडीच वाजता आत जाऊन अर्ज दिला.

छाननीत चारही अर्ज टिकले. रविराजला चिन्ह मिळालं छताचा पंखा. आप्पा म्हणाले, योग्य मिळालंय. वीज असेल तोपर्यंत गरगर फिरायचं आणि खालच्यानं वर बघत बसायचं.

प्रचाराचे दहा दिवस त्यांच्या तिरस्काराला चांगले गेले. रोज सकाळी टेबल मांडताना मला बातमीपत्र मिळायचं. एका उमेदवारानं मळ्यात मटण घातलं, तर दुसऱ्यानं सोमवार पाळणाऱ्यांसाठी वेगळी पनीरची पंगत घातली. आप्पांच्या मते ह्या देशात सर्वधर्मसमभाव फक्त पंगतीत उरला होता. चौघांनीही नळाला पाणी आणायचं वचन दिलं होतं. नळ तीन वर्षांपूर्वीच आले होते, पाइपसुद्धा. नुसतं पाणी यायचं राहिलं होतं, आणि ते निवडणुकीसाठी राखून ठेवलंय, असं त्यांचं म्हणणं. मराठीच्या अभिमानावर सगळ्यांत मोठं भाषण रविराजनंच केलं. त्याची मुलगी इंग्रजी शाळेत जाते. आजोबाला ती 'ग्रँडपा' म्हणते, आणि ते तिला कन्नडात उत्तर देतात.

रविराजनं पत्रकावर छापलं, 'वडिलांच्या आशीर्वादाने'. विरोधकांनी आप्पांना चहाच्या टपरीवर गाठून विचारलं, खरं काय? आप्पांनी खरं ते सांगितलं. सही माझी आहे, मत माझं नाही. हे वाक्य दोन्ही बाजूंनी गावभर फिरवलं. एका बाजूनं म्हातारा किती न्यायी म्हणून, दुसऱ्या बाजूनं बापाचासुद्धा विश्वास नाही म्हणून. आप्पांचं म्हणणं, दोघांनाही वाक्य कळलं नाही, पण पाठ चांगलं झालं.

त्यांनी मत दिलं ते गुंडू पाटील नावाच्या शेतकऱ्याला. त्याचा ना फ्लेक्स, ना पंगत. गुडघे दुखतात म्हणून त्यानं सगळी घरंसुद्धा पुरी केली नव्हती. त्याला एकोणतीस मतं पडली. रविराज चौदा मतांनी निवडून आला.

गुलाल उडाला, ट्रॅक्टर फिरला, जयाबाईंनी दारात ओवाळलं. आप्पा मागल्या दारी शेणकूट थापणाऱ्या बाईशी काहीतरी बोलत उभे होते. मुलगा वाकून पाया पडला, तेव्हा त्यांनी हात डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, गुलाल डोळ्यात जाईल, तोंड धू. दोघांत तेवढंच बोलणं झालं, आणि पुन्हा तीन महिने काही नाही.

सदस्य झाल्यावर रविराजच्या दाराशी लोक यायला लागले. अर्ज लिहून द्या म्हणायला लागले. त्याला ते येत नव्हतं, म्हणून तो त्यांना 'आप्पांच्या टेबलाला जावा' असं सांगायचा. आप्पा त्यांच्याकडनं नेहमीचीच मजुरी घ्यायचे. सदस्याची माणसं म्हणून सूट मागणाऱ्याला ते म्हणायचे, सदस्य तिकडं, हितं मी.

मग एका रविवारी सकाळी गावात एक जेसीबी आला. शाळेच्या मागं जनावरांच्या पाण्याची एक जुनी तळी आहे. उन्हाळ्यातसुद्धा गुडघाभर पाणी असतं, सगळ्या गावची म्हसरं तिथं उतरतात. ती भरून तिथं समुदाय भवन बांधायचं ठरलंय, असं जेसीबीवाला सांगत होता. गुंडू पाटील काठी टेकत सरळ रविराजच्या दारात आला आणि म्हणाला, तू असताना हे कसं झालं? रविराज म्हणाला, असलं काही ठरलेलंच नाही. गुंडूनं ठरावाची नक्कल पुढं केली.

रविराज ती घेऊन घरात आला. आप्पा सोप्यात बसून दाढी करत होते. आठ-नऊ महिन्यांत पहिल्यांदा तो सरळ त्यांच्याशी बोलला. "आप्पा, ह्यात काय लिवलंय, जरा बघा."

आप्पांनी साबण पुसला, चष्मा लावला आणि कन्नडातला ठराव मराठीत वाचून दाखवला. तळी निरुपयोगी व रोगट असल्याने भरून घेणे. सूचना अमक्याची, अनुमोदन तमक्याचं. खाली सगळ्या सदस्यांच्या सह्या. नववी सही त्यांनी बोटानं दाखवली.

"ही तुझी."

रविराज म्हणाला, मीटिंगमध्ये सगळे करत होते, वही पुढं आली, चहा चालला होता. ते सांगत होते, गटाराचं बिल आहे.

आप्पांनी त्याच्याकडं कसं बघितलं ते मला जयाबाईंकडनं कळलं, आणि ती नजर मी ओळखतो. 'मायबाप सरकार' लिहा म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ते त्या नजरेनं बघतात. म्हणाले, "चाळीस वर्षं आंगठेवाल्यांचे कागद लिवले मी. त्येनी कवा वाचून घेतल्याबिगर आंगठा दिला न्हाय. आधी विचारत्यात, काय लिवलंय. तू बी.कॉम. हाईस."

रविराजनं ठरावाची नक्कल घडी घातली. मग म्हणाला, तुम्ही एक हरकतीचा अर्ज लिहून द्या, मी देतो.

"मी न्हाय. तू लिव."

आणि त्यांनी त्याला खरंच बसवलं. जेसीबीपुढं गुंडू पाटील आणि राजाबाई खुर्च्या टाकून बसले होते, म्हसरं तळीत होती, त्यामुळं घाई नव्हती. रविराजचं कन्नड शाळेत पस्तीस मार्कांपुरतं शिकलेलं. पहिला कागद आप्पांनी फाडला, त्यात 'माझी फसवणूक झाली' असं लिहिलं होतं. फसवणूक झाली नाही, आळस झाला, म्हणाले. दुसरा फाडला, त्यात गावकऱ्यांच्या भावना होत्या. तिसऱ्यात स्पेलिंग चुकलेलं. चौथा त्यांनी दोनदा वाचला आणि नुसता परत दिला. त्यात रविराजनं स्वतः लिहिलं होतं, की ठराव न वाचता सही केली ही माझी चूक असून, ती सही मी मागे घेत आहे, आणि तळीचा वापर रोज किती जनावरं करतात याचा आकडा सोबत जोडला आहे. आकडा जयाबाईंनी दिला होता. त्यांना प्रत्येक घरच्या म्हशी पाठ.

जयाबाईंनी मला नंतर सांगितलं, की त्या दिवशी दोघं बापलेक एकत्र जेवले. बोलले काय, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, आप्पांनी सांगितलं, आमटीत मीठ कमी आहे. रविराज व्हय म्हणाला.

अर्ज वर गेला. चौकशी लागली, जेसीबी परत गेला. तळी अजून आहे. पण निकाल लागलेला नाही, आणि लागेल तेव्हा काय लागेल हे सांगता येत नाही. रविराजला मात्र त्याची किंमत मोजावी लागली. बाकीचे सदस्य त्याला फितूर म्हणतात. त्याच्या वॉर्डातलं एकही काम पुढं सरकत नाही. निवडणुकीत मागं-पुढं फिरणारे मित्र दुसऱ्या सदस्याच्या मागं-पुढं फिरतात, समर्थ सगळ्यांच्या आधी गेला. दिवाळीनंतर रविराज उद्यमबागेत मालकाला जाऊन भेटला. आता तो दुसऱ्या पाळीला लेथवर असतो आणि सकाळी पंचायतीत.

परवा पंचायतीतला एक सदस्य कुठल्या तरी झेरॉक्ससाठी माझ्याकडं आला होता. तो रविराजच्या नावानं बोटं मोडत होता. म्हणाला, पूर्वी पाऊण तासात मीटिंग उरकायची, आता हा प्रत्येक ठराव मोठ्यानं वाचायला लावतो, अडलेल्या शब्दाला थांबतो, अर्थ विचारतो. चहा गार होतो. असल्या माणसाला राजकारण जमणार तरी कसं?

आप्पा शेजारी एका बाईचा विधवा पेन्शनचा अर्ज लिहीत होते. त्यांनी सगळं ऐकलं, पण मान वर केली नाही. तो सदस्य गेल्यावर शाई वाळायला कागद उन्हात धरला आणि म्हणाले, "वाचतोय म्हंजे अजून काय शिकला न्हाय त्यो." मग त्या बाईला सांगितलं, की खाली अंगठा कर, पण आधी विचार, मी काय लिवलंय ते.